शॅमेलिऑन हसत नसतो

लाल गॉगलवर ठेवला की लाल, निळ्यावर ठेवला की निळा होणाऱ्या शॅमेलिऑन सरड्याचा व्हिडिओ परत फिरायला लागलाय. तो खोटा आहे. पायाखालच्या वस्तूचा रंग असा अंगावर घेणं कुठल्याच शॅमेलिऑनला जमत नाही. हिरवा-तपकिरी तर तो मुळातच असतो, पानांत सहसा दिसतच नाही.

मग रंग बदलतो कशासाठी? बऱ्याचदा दुसऱ्या शॅमेलिऑनला काही सांगायला. येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नरांवर २०१३ साली अभ्यास झाला. ज्याचं डोकं जास्त उजळ होतं आणि झटपट रंग बदलतं, तोच बहुतेकदा झुंज जिंकतो. हरणारा काळपट पडतो. सोडलं बाबा, म्हणतो. पोटात अंडी असलेली मादीही गडद होऊन नराला वाटेला लावते. (सकाळी ऊन खाताना अंग गडद करतात, ते वेगळं. ते फक्त ऊब मिळवायला.)

करामत त्वचेतल्या स्फटिकांची. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये ती उलगडली. ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक दाटीवाटीने असले की निळा प्रकाश परततो, त्यात त्वचेतला पिवळा मिसळून आपल्याला हिरवा दिसतो. नर खवळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा-नारिंगी होतो. म्हणजे हिरवा हा त्याच्या निवांतपणाचा रंग.

हे कळल्यावर दुसऱ्या तऱ्हेचे व्हिडिओ मला बघवत नाहीत. कुणाच्या तरी तळहातावर शॅमेलिऑन, अंग काळवंडलेलं, गळा फुगलेला, तोंड वासलेलं, आणि खाली लाल बदामांचा पाऊस. "कित्ती गोड हसतोय!" अहो, घाबरलाय तो. एकटा राहणारा प्राणी, स्वजातीचा शेजारही त्याला नकोसा. तुमचा हात कशाला हवा असेल? इतकं स्पष्ट अंगावर लिहून दाखवणारं जनावर विरळा, आणि आपण त्यावर बदाम टाकतो.

व्हिडिओ काढायचाच तर लांबून, जिभेचा काढा. शेपूट सोडून अंगाच्या जवळपास दुप्पट लांब जाते ती. स्नायू आधी कोलॅजन या प्रथिनाची लवचीक आवरणं धनुष्यासारखी ताणतात, मग जीभ सुटते. त्यामुळे पंधरा अंशांच्या थंडीतही तिचा वेग फारसा कमी होत नाही. परत ओढायचं काम मात्र थेट स्नायूंचं. थंडीत ते मंदावतात, म्हणून किडा घेऊन परतताना तीच जीभ चांगली रेंगाळते.