मालकाने साखर का मोजावी?

आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस एकच वाद पेटलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणं मालकाकडे आलं. माझ्या आतेभावाचा, म्हणजे दादाचा, तीस माणसांचा कारखाना आहे. तो म्हणतो, ‘कामाचा पगार देतो, त्यांची साखर मी का मोजू?’ भाचा सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा राग दुसऱ्या टोकाचा: ‘माझे रिपोर्ट एचआरच्या हातात कशाला? उद्या कपातीची यादी करताना तीच फाइल उघडतील.’ एरवी या दोघांचं कशावरच जुळत नाही. मी मध्ये दोन ओळी लिहिल्या, तर दादाचं उत्तर आलं, ‘जपानमध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस.’

इथे बसलोय म्हणूनच तर मला बोलायचंय. अठरा वर्षं झाली. दर जूनमध्ये केन्शिनची, म्हणजे आरोग्य तपासणीची गाडी आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहते. मशीनवरचा माणूस आणि विभागप्रमुख एकाच रांगेत, हातात लघवीच्या बाटलीची छोटी कागदी पिशवी. कोणी पुढे घुसत नाही, कोणी लाजत नाही. १९७२ च्या कायद्याने मालकाने तपासणी करायची आणि कामगारानेही ती करून घ्यायची, बंधन दोघांवर. रात्रपाळीवाल्यांची दर सहा महिन्यांनी. ‘मी का मोजू’ हे मी इथे कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दादा, पाळी तू लावतोस, धूळ तुझ्या छपराखालची, आवाज तुझ्या मशीनचा. त्यात राबणाऱ्या शरीराचं काय होतंय हे तू नाही बघायचं तर कोणी?

भाच्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. या तपासणीचे आकडे इथेही कंपनीकडे जातात, पाच वर्षं सांभाळावे लागतात. पण डिसेंबर २०१५ पासून जी ताणाची तपासणी सुरू झाली, तिचा निकाल थेट कामगाराला मिळतो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो पाहता येत नाही. अरे, मागायचं तर हे माग. तपासणीच नको म्हणून काय मिळवणार आहेस? यावर तो म्हणाला, ‘करोशीच्या देशातून आरोग्याचे धडे?’ करोशी म्हणजे अतिकामाने येणारा मृत्यू. मला ते लागलं. पण करोशी आहे म्हणून रक्तदाब मोजायचा नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

मग त्याने वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०१२ चा आढावा पाठवला: सरसकट तपासण्यांनी मृत्यू कमी होत नाहीत. आढावा खरा आहे, मी तो वाचलाय. पण त्यातले बरेच प्रयोग जुने आहेत, आणि युरोप-अमेरिकेतले, म्हणजे बहुतेकांना आधीपासून डॉक्टर असलेल्या देशांतले. बाबांना कुठे होता डॉक्टर? सत्तावीस वर्षं कारखान्यात काढली, आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा पहिल्यांदा बांधला गेला तो अतिदक्षता विभागात. वय चोपन्न. दादा, ते तुझे मामा होते. स्ट्रेचरला हात लावून तूही धावला होतास.

नुसतं मोजून भागत नाही, हेही मला अनुभवाने कळलंय. २०१९ ला माझ्या निकालावर साखरेच्या ओळीपुढे ‘डी’ हा वाईट शेरा आला. मी कागद घडी करून खणात टाकला. तीन आठवड्यांनी कंपनीच्या डॉक्टरांनी कामाच्या वेळेतच बोलावून घेतलं. त्यांनी आकड्यांबद्दल आधी काहीच विचारलं नाही. विचारलं, ‘वडिलांना काय झालं होतं?’ नोसोच्चू, म्हणजे पक्षाघाताचा झटका, हा शब्द मला येत होता, बातम्यांत शंभरदा ऐकलेला. बाबांसाठी तो माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाला, आणि पुढचं वाक्य मला जुळवता येईना. ते थांबून राहिले.

मला मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत. हे त्या डॉक्टरांना माहीत आहे, बंद पाकीट आणून देणाऱ्या सोमुमधल्या, म्हणजे कार्यालयीन कामकाज विभागातल्या बाईंना बहुधा अंदाज असेल. आईला माहीत नाही, तुम्हा कोणालाच नाही. सहा वर्षं ग्रुपवर ‘मी मजेत’ लिहीत आलो. दूर आहे, उगाच काळजी नको, असं स्वतःला सांगायचो. खरं तर तिकडच्या कोणी काळजी करावी एवढा मी आता तुमचा राहिलोय का, याचीच खात्री नव्हती.

इथल्या कुठल्याही कागदावर बाबा नाहीत. फक्त जूनच्या प्रश्नावलीत ‘घरातले आजार’ असा रकाना असतो. तिथे दरवर्षी लिहितो: वडील, चोपन्न.

दादा, तुझ्या तीस माणसांत चाळिशीपुढचे किती आहेत ते आज बघ. पहिल्या तपासणीची तारीख ठरली की कळव. रजा घेऊन येतो. त्यांच्याआधी पट्टा माझ्या दंडाला बांधू दे.