बार्बरा कॅसल: भाषणं सोडा, कलमं वाचा

थॅचरबाईंवर आपल्याकडे तासन्‌तास बोललं जातं. त्यांच्या आधीच्या पंधरा वर्षांत जिने ब्रिटनचे रस्ते, पगार आणि पेन्शन या तिन्हींत हात घातला, ती बार्बरा कॅसल मात्र आपल्या गावीही नसते. १९४५ ते १९७९ अशी सलग चौतीस वर्षं ब्लॅकबर्नची खासदार, मजूर पक्षाच्या डाव्या फळीतली. लाल केस आणि तिखट जीभ यांची वर्णनं इंग्रजी वर्तमानपत्रांनी पार चोथा होईपर्यंत चघळली आहेत, ती सोडून देऊ. माझं म्हणणं एवढंच की, बाईंना जोखायचं तर त्यांच्या कायद्यांतली कलमं वाचा. आकडा पक्का होता आणि पैसे कोणाच्या हातात पडणार हे लिहिलेलं होतं, तिथे काम टिकलं. व्याख्या सैल राहिली, तिथे मालकांनी त्यातून वाट काढली.

डिसेंबर १९६५ मध्ये त्या वाहतूकमंत्री झाल्या. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, यावरून टिंगल भरपूर झाली. तोवरच्या कायद्यात दारूमुळे चालकाची क्षमता कमी झाली होती हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागे. मग वकील म्हणणार, माझा अशील सरळ रेषेत चालत होता. ज्युरीतले निम्मे लोक स्वतः पबमधून गाडी हाणत घरी जाणारे, ते कशाला दोषी ठरवतील? १९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने हा वादच संपवला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, मग तुम्ही कितीही झोकात चालवत असा.

अंमल ९ ऑक्टोबर १९६७ पासून. पहिली तपासणी श्वासाची: काचेच्या नळीत पिवळे स्फटिक, नळीच्या एका टोकाला प्लास्टिकची पिशवी. चालकाने फुंकून पिशवी पूर्ण भरायची. स्फटिकांचा हिरवा रंग नळीवरच्या रेघेपलीकडे गेला की अटक, ठाण्यावर पुन्हा चाचणी, मग रक्त किंवा लघवीचा नमुना. शिक्षा ठरायची ती या शेवटच्या नमुन्यावर. नळी हा फक्त दरवाजा. गोची इथेच झाली. पोलिसाने एखादी पायरी चुकवली किंवा थांबवण्यामागे रास्त संशय होता हे त्याला दाखवता आलं नाही, की आरोपी सुटायचा. वाटेल त्याला थांबवून तपासण्याचा अधिकार मसुद्यातून आधीच गाळला होता. तरीही १९६६ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली होती, १९६८ मध्ये तो आकडा ६,८१० वर आला. (ताशी ७० मैलांच्या मर्यादेचं श्रेयही बाईंना दिलं जातं. प्रयोग म्हणून ती आणली आधीच्या मंत्र्याने, टॉम फ्रेझरने. बाईंनी १९६७ मध्ये ती कायम केली.)

आता समान वेतन. १९६८ च्या जूनमध्ये डॅगेनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी मशीन बंद केली. कव्हरं संपली की सीट नाहीत, सीट नाहीत की गाड्या नाहीत. त्यांची तक्रार दुहेरी होती. कामाची प्रतवारी करताना त्यांना कमी कुशल अशा ‘ब’ श्रेणीत टाकलं होतं, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषाच्या दराच्याही ८५ टक्केच मिळत होते. कॅसलबाई तेव्हा रोजगारमंत्री. त्यांनी बायकांना चहाला बोलावलं आणि ९२ टक्क्यांवर तोड काढली. श्रेणी मात्र तिथेच राहिली! ती वर जायला १९८४ चा आणखी एक संप लागला.

या संपातून आलेला १९७० चा समान वेतन कायदा म्हणूनच बारकाईने वाचावा. समान पगार केव्हा? पुरुषाचं काम तेच किंवा बरंचसं तसंच असेल तेव्हा, नाहीतर मालकाने स्वतः प्रतवारी करून दोन्ही कामं सारखी ठरवली असतील तेव्हा. म्हणजे प्रतवारीच चुकीची आहे असं म्हणणाऱ्या डॅगेनमच्या शिवणकामवालीला या कायद्यात दादच नाही. त्यात अंमलाची तारीख २९ डिसेंबर १९७५. मधल्या पाच वर्षांत अनेक कारखान्यांनी बायकांची आणि पुरुषांची कामं वेगवेगळी करून टाकली. तुलनेला पुरुषच उरला नाही. सारख्या मोलाच्या कामाला सारखा पगार हे कलम युरोपीय न्यायालयाने फटकारल्यावर, १९८४ पासून लागू झालं. आपल्या १९७६ च्या समान वेतन कायद्यातही ‘तेच किंवा त्यासारखंच काम’ अशीच शब्दरचना होती, हे जाता जाता.

कामगार संघटनांना वेसण घालणारी बाईंची १९६९ ची श्वेतपत्रिका सरळ बुडाली. अचानक पुकारलेले संप २८ दिवस थांबवण्याचा अधिकार मंत्र्याला हवा होता; संघटना भडकल्या आणि मंत्रिमंडळातूनच जेम्स कॅलहननी सुरुंग लावला. १८ जूनला संघटनांच्या हमीवर पंतप्रधान विल्सननी माघार घेतली. हमीला कलम नसतं.

माझ्या मते बाईंचं सर्वांत पक्कं काम १९७५ चं. त्याआधी मुलांसाठीची करसवलत बापाच्या पगारात दिसायची आणि आईला मिळणारा भत्ता पहिल्या मुलाला लागूच नव्हता. बाल लाभ कायद्याने दोन्ही एकत्र करून पहिल्या मुलापासून पैसे थेट आईच्या हातात दिले. एप्रिल १९७६ मध्ये पंतप्रधान होताच कॅलहननी बाईंना काढलं. पुरुषांच्या हातात पडणारा पगार घटेल या भीतीने मंत्रिमंडळाने योजनाही गुंडाळायला घेतली. ते बाहेर फुटलं, बोंब झाली, आणि १९७९ पर्यंत दर मुलामागे आठवड्याला ४ पौंड सुरू झाले.

पेन्शनच्या कायद्यातही तीच नजर. नव्या कमाई-आधारित पेन्शनचा हिशेब कमाईच्या सर्वांत चांगल्या २० वर्षांवर, म्हणजे मुलांसाठी नोकरी सोडलेली वर्षं आड येत नाहीत. मूळ सरकारी पेन्शन दरवर्षी महागाई किंवा सरासरी कमाई, जे जास्त वाढेल त्याप्रमाणे वाढवायची. यातली कमाईची जोड हुजूर पक्षाने १९८० मध्ये तोडली आणि मजूर पक्ष सत्तेत परतल्यावरही ती जोडली नाही. एप्रिल २००० मध्ये एकट्या पेन्शनराला आठवड्याला ७५ पेन्स वाढ मिळाली. त्या सप्टेंबरात ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात नव्वदीला टेकलेल्या कॅसलबाई पंतप्रधान ब्लेअर आणि अर्थमंत्री ब्राउन यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. ही जोड परत आणण्याचा ठराव मंजूर झाला, सरकारने तो बाजूला ठेवला. मे २००२ मध्ये बाई गेल्या. कमाईची जोड कायद्यात परत आली २००७ मध्ये.