‘पुरुषाला लेकरू सांभाळता येत नाही’ म्हणणाऱ्यांना

मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, सरकार आता एकट्या पुरुषांच्या हवाली अनाथ पोरी करणार. पुरुषाला लेकरू सांभाळता येत नाही. अन् घेणारे पैशासाठीच घेतात. शेवटी ठसक्यात, ‘माय मरो पण मावशी जगो’.

पोरींचं तर धादांत खोटं आहे. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीला प्रतिपालक होता येतं, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळता येतं, पण एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगाच देतात. मूल कोणत्या घरी द्यायचं, ते बाल कल्याण समिती ठरवते, तेही गृहचौकशीनंतर. पुढे दर महिन्याला त्या घराची तपासणी करायचं बंधन २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. ती खरंच होते का, हे जरूर विचारा. फक्त जोडप्यांच्या घरांबद्दलही विचारा.

आता ‘जमत नाही’चं. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले एचआयव्हीबाधित मुलांना वाढवतात. ती संस्था आहे, प्रतिपालक कुटुंब नव्हे, मान्य. पण औषधाच्या वेळा पाळणं, तापात उशाशी बसणं पुरुषाला जमतं की नाही, एवढाच तर प्रश्न होता! आईबाप ऊसतोडीला गेल्यावर बीडकडं किती घरांत आज्जा पोरांची शाळा सांभाळतो, तेही बघा. अन् मावशीचं म्हणाल, तर मामा काय फक्त लग्नात भाचीमागं उभं राहायला असतो?

प्रतिपालकाकडं येणारं पोरगं बहुधा सहाच्या पुढचं असतं, संस्थेत राहून आलेलं. ते भाकरी उशाखाली लपवेल, खोटं बोलेल, ‘तू माझा बाप नाहीस’ म्हणेल. बाप्याचा हात म्हणजे मारच, एवढंच त्यातल्या काहींना ठाऊक असतं. चिडलेला माणूसही हात उगारत नाही, हे अशा पोराला रोज दिसावं लागतं. ते काम बायकोवर ढकलता येत नाही. शिवाय सख्खी आई भेटायला आली, तर तिचा मान राखायचा. मूल दत्तक आलेलं नाही, याचं भान ठेवायचं.

पैसा? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपये, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५०. वह्या, चपला, दवाखाना धरून यात कोण श्रीमंत होतं, तो हिशेब मजकूर लिहिणाऱ्यानंच मांडावा.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. जोडपं असेल, तर गृहचौकशीच्या दिवशी नवऱ्यानं ‘घरच्यांना विचारा’ म्हणत शेताकडं निघू नये.