‘बीपीसाठी नर्स कशाला?’ या मेसेजला एका नर्सचं उत्तर

एक मेसेज सध्या पुष्कळ ठिकाणी फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ‘खेड्यातल्या लोकांचं बीपी नर्सच्या भरवशावर सोडणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे. नर्सने मोजलेलं बीपी खरं नसतं. त्रास व्हायला लागला की माणूस डॉक्टरकडे जातोच. आणि गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, त्यामुळे नर्सचं ऐकून ती सुरूच करू नका.’

मी नर्स आहे. शेवटचं वाक्य वाचून मला राग आला, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आज गोळी बंद करेल.

आधी मोजण्याबद्दल. डॉक्टरसमोर बसलं की अनेकांचं बीपी नुसत्या धास्तीने चढतं. डॉक्टर आणि नर्स यांनी एकाच भेटीत घेतलेल्या आकड्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांनी घेतलेलं वरचं बीपी नर्सपेक्षा सरासरी ७ अंकांनी जास्त भरलं. जो माणूस १४० च्या काठावर आहे, त्याला गोळी लागणार की नाही हे या सात अंकांवर ठरू शकतं.

चूक होते ती मोजण्याच्या घाईत, मग मोजणारं कुणीही असो. चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला, हात खाली लोंबकळत ठेवला, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, जाड दंडाला लहान पट्टा लावला, मोजताना गप्पा चालू ठेवल्या, तर बीपी हमखास चुकीचं येतं, आणि बहुतेक वेळा जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला आणि हाताला आधार द्यायचा, हात छातीच्या पातळीला ठेवायचा, मिनिटभराने पुन्हा मोजायचं. एवढा वेळ देणं हाच आमच्या कामाचा पाया आहे.

‘त्रास झाला की जातोच’ हे तर उघड चुकीचं आहे. बीपी बहुधा काहीच त्रास देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १४० कोटी लोकांना बीपी होतं, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता, आणि ते ताब्यात होतं चारातल्या एकापेक्षाही कमी लोकांचं. त्रासाची वाट पाहणाऱ्याला पहिला त्रास अर्धांगवायूचा होऊ शकतो. दवाखाना लांब असेल, जाण्यात दिवसाची मजुरी बुडत असेल, तर काहीही दुखत नसताना तिथे कोण जाईल? म्हणून मोजणाऱ्यानेच माणसापर्यंत जायला हवं.

आता गोळीबद्दल. बीपी नॉर्मल आलं की लोक गोळी थांबवतात, मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. ‘आता बरं झालंय की,’ असं म्हणतात. ते बीपी गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं, थांबवली की बहुतेकांचं पुन्हा चढतं. वजन, मीठ, दारू कमी झाली तर काहींचा डोस खाली येतो, क्वचित गोळी सुटतेही. पण ते मोजत-मोजत, डॉक्टरला सांगून करायचं असतं.

दुसरं कारण लोक सहसा कुणाला सांगत नाहीत. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, एनालाप्रिलसारख्या बीपीच्याच औषधाने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि माणूस गुपचूप गोळी सोडतो. पाच मिनिटांच्या तपासणीत हे बाहेर येत नाही. ‘गोळ्यांचं पाकीट दाखवा बरं,’ म्हटलं की येतं. अशा वेळी औषध बदलता येतं, उपचार सोडायची गरज नसते. सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी बीपी वाढवते, हेही असंच पाकिटांच्या ढिगातून सापडतं.

राहिला ‘जिवाशी खेळ’. चीनमध्ये ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार बीपीच्या लोकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांत डॉक्टरची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या गावच्या आरोग्यसेवकांनी ठरवून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे औषधं दिली, वर डॉक्टरांची देखरेख होती. १८ महिन्यांनी त्या गावांत ५७ टक्के लोकांचं बीपी १३०/८० च्या खाली होतं, इतर गावांत जेमतेम २० टक्के. तीन वर्षांनी हृदयविकार आणि अर्धांगवायूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. ते सेवक नर्स नव्हते, हे मान्य. नर्सच्या कामाचे अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये पाहिले गेले, तेव्हा पायरीपायरीने औषध वाढवण्याची लेखी पद्धत जिथे हाताशी होती, तिथे वरचं बीपी नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे ८ अंकांनी जास्त उतरलं. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनेही नर्सला बीपीचं औषध देऊ द्यावं असं म्हटलं आहे, पण अटी घालून: प्रशिक्षण, औषध लिहिण्याचा अधिकार, ठरलेली पद्धत आणि डॉक्टरची देखरेख.

या अटींपुरती मेसेजमधली काळजी मला पटते. नुसतं यंत्र हातात देऊन नर्सला गावात पाठवलं, ना औषध, ना अधिकार, ना फोन उचलणारा डॉक्टर, तर ती फक्त आकडे लिहून परत येईल. गरोदर बाई, तीन औषधं देऊनही न उतरणारं बीपी, मूत्रपिंडाचा आजार, हे डॉक्टरकडेच जायला हवं. आणि बीपी १८०/१२० च्या आसपास असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एक हात-पाय लुळा पडला असेल, तर माझी वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर आकडा कितीही असला तरी तेच करा.