अख्खी टीम बदलून टीम सुधारत नाही

फुटबॉलची लीग संपते, आपली टीम गुणतक्त्याच्या मध्यावर अडकलेली असते आणि गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. मागणी थोडक्यात अशी: सगळे खेळाडू काढा, एक मोठा विदेशी स्ट्रायकर आणा, उरलेल्या जागा गोंयकार (गोव्याच्या) पोरांनी भरा, ती स्वस्त पडतात, आणि एका हंगामात टीम वर येते. पुराव्यादाखल एफसी गोवाचं 2017 साल दाखवतात.

‘सगळे काढा.’ काढणार कसे? खेळाडू कराराने बांधलेला असतो आणि क्लबही. विनाकारण करार मोडला तर भरपाई द्यावी लागते, तीही उरलेल्या मुदतीचा पगार धरून. शिवाय फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत संरक्षित काळ आहे. वयाच्या 28 वर्षांआधी केलेल्या करारात तो तीन हंगाम किंवा तीन वर्षांचा असतो, त्यानंतरच्या करारात दोनचा. त्या काळात करार मोडणाऱ्या क्लबवर लागोपाठ दोन विंडोंची (नवे खेळाडू नोंदवण्याच्या ठरलेल्या काळांची) नोंदणीबंदी येऊ शकते. म्हणजे जुने गेले आणि नवे घेताही येत नाहीत. पगार थकवला की तो आपणहून जाईल, हा डाव तर आणखी महाग. दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन मोकळा होतो आणि वर भरपाईही मागतो.

त्यापेक्षा एक तक्ता करावा. 25 जणांची नावं आणि पुढे रकाने: वय, करार कधी संपतो, पगार, जागा, खेळलेली मिनिटं. 24 सामन्यांच्या लीगमध्ये एकूण मिनिटं होतात 2160. जो 540 मिनिटांच्या आत राहिला, त्याच्यापुढे कारण लिहायचं: दुखापत की निवड. ही दोन कारणं एकत्र केली की हमखास चुकीचा माणूस जातो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. 31 मेला संपणाऱ्या कराराचा निर्णय म्हणूनच नोव्हेंबर संपायच्या आत व्हायला हवा. बरेच क्लब एप्रिलमध्ये जागे होतात, तोवर चांगला लेफ्ट बॅक दुसरीकडे सही करून बसलेला असतो. आमच्या मते एका वेळी सात-आठ बदल पुरे, आणि त्यातले पहिल्या अकरात चारच. बचावफळी एकदम बदलली की कॉर्नरवर कोणी कोणाला धरायचं यातच पहिले पाच-सहा सामने जातात.

आता ते 2017. एफसी गोवा 2016 मध्ये तळाला होता आणि 2017-18 मध्ये तिसरा आला, हे खरं. पण त्या वर्षी ती लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग (आयएसएल), आठवरून दहा संघांची झाली आणि भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडले. सगळ्याच क्लबांना नव्याने बांधणी करावी लागली. गोव्याने मंदार राव देसाई आणि लक्ष्मीकांत कट्टीमणी हे दोन वरिष्ठ राखले, बाकी पाटी जवळजवळ कोरीच होती. आज तो ड्राफ्ट नाही, करार अनेक वर्षांचे असतात. तेव्हाची सोय आज मागून मिळणार नाही.

स्ट्रायकरचं उत्तरही त्याच संघात आहे. स्पॅनिश स्ट्रायकर कोरोने पहिल्या हंगामात 18 गोल केले, संघाने लीगमध्ये 42. खाल्ले मात्र 28, आणि उपांत्य फेरीत चेन्नईयिनने बाहेर काढलं. पुढच्या उन्हाळ्यात मुर्तदा फॉल आणि कार्लोस पेन्या हे दोन बचावपटू आले. कोरोचे गोल 16 वर आले, संघाचे 36 वर, पण खाल्लेले 20 वर उतरले. तो संघ अंतिम फेरीत गेला, सुपर कप जिंकला आणि त्याच्या पुढच्या हंगामात लीगमध्ये पहिला आला. म्हणजे तीन हंगाम, एक नव्हे. शिवाय कोरो आला तेव्हा 34 वर्षांचा होता, सायप्रसमधून आला होता. नावाच्या वजनावर घेतलेला माणूस नव्हता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला ज्या पद्धतीने खेळायचं होतं, तिच्यात तो बसत होता.

‘गोंयकार पोरं स्वस्त.’ यातली अर्धी गोष्ट आम्हालाही पटते. धेंपो या गोव्याच्या क्लबने 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, ती क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा अशा कण्यावर. पण तो कणा प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली वर्षानुवर्षं एकत्र खेळला, आणि पुढे नायजेरियन स्ट्रायकर रँटी मार्टिन्स होता. आयएसएलमध्ये 2021-22 पासून मैदानावर चारच विदेशी चालू लागले. सात जागा भारतीयांच्या झाल्या, म्हणून चांगला भारतीय सेंटर बॅक (मधला बचावपटू) किंवा गोलरक्षक हाच बाजारातला टंचाईचा माल. त्याच्यावर आधी पैसे घाला, विदेशी नंतर. एकोणीस वर्षांच्या पोराला बाकावर बसवून तो स्वस्त पडत नाही, वाया जातो. पहिल्या संघात जागा नसेल तर गोवा प्रोफेशनल लीग या राज्याच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम लोनवर (उसना) द्या, मध्येच परत बोलावण्याची अट करारात घालूनच.

राहिला वेळ. ऑगस्टच्या शेवटी घाईत आणलेला विदेशी खेळाडू पूर्वतयारीविना उतरतो आणि मांडीचा स्नायू धरून बाहेर जातो. सहीआधी गुडघ्याचा एमआरआय आणि मागच्या दोन हंगामांतली मिनिटं पाहायचीच. सहा विदेशींची नोंदणी होत असेल तर पाच घ्या, सहावी जागा जानेवारीपर्यंत रिकामी ठेवा. तोवर नेमकं काय कमी पडतंय ते दहा-बारा सामन्यांत दिसलेलं असतं.