गोव्यात सहकुटुंब येताय? भाड्याची गाडी ठरवण्याआधी हे वाचा

मुंबई-पुण्याहून गोव्याला निघालेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न एकच असतो, "रेंट अ कार दिवसाला कितीला पडते?" माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी परत देऊन डिपॉझिट हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये जातील, हे विचारायला हवं. या दोन आकड्यांत बरंच अंतर असतं आणि बहुतेक फसगत त्या अंतरातच होते.

एक हिशोब करून बघू. समजा गुरुवारी सकाळी ११ वाजता तुम्ही उतरता आणि रविवारी दुपारी ४ वाजता विमानतळावर गाडी सोडता. पहिला माणूस १४०० रुपये दर सांगतो, दुसरा १८००. पहिल्याचा 'दिवस' तारखेने मोजला जातो, म्हणजे गुरुवार ते रविवार चार दिवस: ५६०० रुपये. गाडी आणून देण्याचे ७०० आणि परत न्यायचे ७००. झाले ७०००. वर १८ टक्के जीएसटी, १२६० रुपये. एकूण ८२६०. दुसऱ्याचा दिवस २४ तासांचा, म्हणजे तीन दिवसांचे ५४००, वरच्या पाच तासांचे ताशी १०० प्रमाणे ५००, डिलिव्हरीचे एकूण ५००, आणि दर कर धरूनच सांगितलेला. एकूण ६४००. जो दिवसाला ४०० रुपयांनी महाग वाटला, तो शेवटी १८६० रुपयांनी स्वस्त पडला. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण दरपत्रकं अशीच बनतात. म्हणून व्हॉट्सॲपवर तुमची येण्याजाण्याची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून पाठवा आणि सगळं धरून एकच रक्कम लेखी मागा. फोनवर बोललेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

डिलिव्हरीचा खर्च विमानतळावर अवलंबून असतो. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत: दक्षिणेकडे दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा. "गोवा एअरपोर्ट" एवढंच सांगितलंत तर घोळ होणार. मोपावरून काणकोणच्या पाळोळेपर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. दक्षिण गोव्यात राहणार असाल तर तिकीट काढतानाच दाबोळी किंवा रेल्वेचं मडगाव बघा, उत्तरेत राहणार असाल तर मोपा किंवा थिवी स्टेशन. पणजीसाठी करमळी जवळ पडतं. विमानाच्या तिकिटात वाचलेले पाचशे रुपये गाडीच्या डिलिव्हरीत आणि पेट्रोलमध्ये सहज निघून जातात.

रात्री उशिरा पोचत असाल तर गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. पहिल्या रात्री ती हॉटेलसमोर नुसती उभी राहते आणि भाडं चालू असतं. दोन्ही विमानतळांवरून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसगाड्या आहेत, प्रीपेड टॅक्सीही मिळते. शिवाय प्रवासाने थकलेल्या माणसाने अंधारात अनोळखी गाडी तपासायला घेतली की अर्धे ओरखडे दिसतच नाहीत, आणि ते नंतर त्याच्या नावावर चढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नंबर प्लेट. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. पांढऱ्या पाटीची गाडी दोनतीनशे रुपये कमी दरात मिळते, कारण तिच्या मालकाने ना परमिट काढलेलं असतं, ना फिटनेस करून घेतलेला असतो, ना व्यावसायिक गाडीचा विमा भरलेला असतो. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागूच होत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि मग मालक दुरुस्तीचं पूर्ण बिल तुमच्यापुढे धरतो. परमिटशिवाय गाडी भाड्याने चालवण्याला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दोन मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन भर उन्हात रस्त्याच्या कडेला पोलिसांना उत्तरं देत बसायची वेळ दोनतीनशे रुपयांसाठी कुणी ओढवून घेऊ नये. काळी पाटी नसेल तर गाडी घेऊ नका, यावर माझं मत ठाम आहे.

काळ्या पाटीसाठी टॅक्सीचालकासारखा वेगळा बॅज लागतो का, असं बरेच जण विचारतात. नाही. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीचं लायसन्स पुरतं. डिजिलॉकरमधलं लायसन्सही कायद्याने ग्राह्य आहे, म्हणून मूळ लायसन्स कुणाकडेही गहाण ठेवू नका. आधार किंवा पासपोर्टही मूळ देऊ नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं लिहा: "फक्त गाडी भाड्यासाठी", खाली तारीख.

ॲडव्हान्स देण्याआधी गाडीचा नंबर मागा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. नोंदणी, विम्याची मुदत, फिटनेस, पीयूसी सगळं दिसतं. वाहनाच्या वर्गात 'मोटर कॅब' असं काही दिसलं पाहिजे; 'मोटर कार' दिसलं तर गाडी खासगी आहे. ई-चलनाच्या साइटवर आधीचे दंड थकलेत का तेही बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. सोशल मीडियावर चकाचक थारचे फोटो टाकून पूर्ण पैसे आधी यूपीआयने मागणारी पानं बरीच आहेत, आणि पैसे गेले की फोन बंद होतो. थोडासा ॲडव्हान्स, बाकी गाडी ताब्यात घेताना, हे ज्याला मान्य नाही त्याला सोडून द्या. व्हिडिओ कॉलवर गाडी आणि नंबर प्लेट दाखवायला सांगितली की खोटा माणूस आपोआप गळतो.

थारचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर. गोव्यात आलं की थार, असं समीकरण होऊन बसलंय. जोडप्याला किंवा मित्रांना ठीक आहे, कुटुंबाला नाही. तीन दरवाजांच्या थारमध्ये चार माणसं बसतात, मागे जायला पुढची सीट दुमडून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला दिवसातून आठ वेळा हे करायला लावणं बरं नाही. मागे सामानाला जागा नावापुरती. "पण दूधसागरला जायचंय ना," असं कुणी म्हणेल, तर तिथे तुमची गाडी जातच नाही. गाडी कुळे गावात उभी करायची आणि तिथून जीपवाल्यांच्या संघटनेच्या जीपने पुढे जायचं. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. तरी दरवर्षी मोरजीसारख्या ठिकाणी वाळूत रुतलेल्या भाड्याच्या गाड्या दिसतात. भरती चढत असते, पोलीस गुन्हा नोंदवतात, क्रेनचा खर्च भाडेकरूच्या खिशातून जातो, आणि खाऱ्या पाण्याने वायरिंग गेलं तर डिपॉझिट विसरा.

सात माणसांसाठी सात सीटची गाडी हाही अर्धवट विचार. तिसरी रांग उघडली की एर्टिगाची डिकी २०९ लिटरची उरते. ट्रायबरची तर ८४ लिटर, म्हणजे दोन पिशव्या. सात माणसांच्या बॅगा कुठे ठेवणार? विमानतळ ते हॉटेल सामानासाठी एक वेगळी टॅक्सी करा, नाहीतर दोन छोट्या गाड्या घ्या. चालवणारे दोघं असतील तर दोन हॅचबॅकचं भाडं पुष्कळदा एका मोठ्या गाडीच्या आसपासच येतं, आणि एका गाडीतली मंडळी मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली देवळं करून येईपर्यंत दुसरी पाण्यात खेळू शकतात. सामान जास्त आणि माणसं चार असतील तर डिझायर बघा, डिकी ३८० लिटरच्या आसपास आहे. सीएनजी गाडी मात्र विचारून घ्या, टाकीने डिकी भरलेली असते.

आणखी एक कारण छोट्या गाडीच्या बाजूने. साळगाव, शिवोली, आसगाव अशा गावांतले रस्ते अरुंद आहेत. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. समोरून बस आली की मोठ्या गाडीचा आरसा किंवा डावं चाक जातं. गाडी माडाखाली कधीच लावू नका. नारळ पडून काच फुटणं हा इथला अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि काचेचे पैसे कोण देणार यावर वाद ठरलेला.

मग विमा कशासाठी, असं वाटेल. "गाडीला फुल इन्शुरन्स आहे" हे वाक्य खरं असतं, पण त्याचा तुम्हाला उपयोग कमी. क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पाच वर्षांत २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. शिवाय साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांना निम्मीच भरपाई मिळते, आणि आजचे बंपर प्लॅस्टिकचेच आहेत. म्हणून बंपरवरच्या ओरखड्यासाठी कुणीच क्लेम करत नाही, पैसे तुमच्या डिपॉझिटमधून घेतात. हरवलेली चावी, फुटलेला टायर, खालून दगड लागून फुटलेलं ऑइल चेंबर आणि तेल गळत असताना तशीच चालवल्याने बसलेलं इंजिन हे साधारणपणे तुमच्याच अंगावर येतं. म्हणून विचारायचं ते असं: "काहीही झालं तरी मला जास्तीत जास्त किती रुपये भरावे लागतील?" आणि दुसरं: "गाडी गॅरेजमध्ये असेल तितक्या दिवसांचं भाडं लावता का?" ही दुसरी अट करारात बारीक अक्षरात असते आणि ओरखड्यापेक्षा तीच महाग पडते.

गाडी घेताना पंधरा मिनिटं तिच्यासाठी ठेवा. फोटोपेक्षा सलग व्हिडिओ बरा: सुरुवातीला नंबर प्लेट, मग एक पूर्ण फेरी, बंपरच्या खालच्या कडा, चारही रिम, काच, छप्पर, आतल्या सीटा, शेवटी किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. तो लगेच मालकाला व्हॉट्सॲप करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर दिसला तर दुसरी गाडी मागा. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला असेल, म्हणजे खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल, तर पावसात ती गाडी घसरणारच. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, एसी उभ्या गाडीत थंड करतो का, मागच्या सगळ्या सीट बेल्टची बक्कलं सीटखालून वर आलेली आहेत का, हे बघा. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. चाइल्ड सीट इथे भाड्याने क्वचितच मिळते, घरूनच आणा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, तरी लोक चुकतात. इथले बरेच मालक काटा तळाला असतानाच गाडी देतात आणि उरलेल्या पेट्रोलचे पैसे परत देत नाहीत. टाकी फुल्ल करू नका. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर लांब आहे, कुटुंबाचं फिरणं दिवसाला ८० ते १०० किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. एसी लावून छोटी गाडी लिटरला १५ देते असं धरलं तर दिवसाला सहा-सात लिटर पुरतं. याच कारणाने 'अनलिमिटेड किलोमीटर'साठी जास्त पैसे मोजू नका. सावंतवाडी, मालवण किंवा कारवारला जाणार असाल तर मात्र आधी सांगा. गाडीचं परमिट राज्याबाहेर चालतं का आणि तिकडचा कर कोण भरणार, हे लेखी घ्या. बऱ्याच गाड्यांना जीपीएस असतो, न सांगता हद्द ओलांडली की दंड लावतात.

डिसेंबरच्या २० पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्वस्त गाडीचा शोध घेण्यात अर्थ नाही, तेव्हा फक्त खात्रीची गाडी लवकर पकडून ठेवावी. जून ते सप्टेंबर दर उतरतात, घासाघीस चालते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत मात्र दुकानातली पोरं आपापल्या घरी असतात, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला कोण येईल ते आधी विचारा. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हा खर्च साध्या विम्यात बसत नाही.

परत देताना वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. तसाच व्हिडिओ पुन्हा काढा, फास्टॅगचे पैसे कुणी द्यायचे ते मिटवा, आणि डिपॉझिट यूपीआयवर आल्याचा मेसेज बघूनच चावी द्या. "दोन दिवसांत टाकतो, चलन येतंय का बघतो" असं म्हणाले तर किती रक्कम अडवली आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच उभं राहून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि मगच सामान उतरवा.