खिडकीत उभं राहून काय कळतं, ते सांगतो

गेल्या आठवड्यातल्या बर्फाच्या पोस्टवर (रात्री आठनंतर बर्फ होईल, असं मी त्यात लिहिलं होतं) एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाहीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थर्मामीटर अधिक ३ दाखवत असताना बर्फ पडणार म्हणणं म्हणजे अज्ञान आहे, "खिडकीत उभं राहून हवामान कळत नसतं", त्यासाठी रडार आणि मॉडेल (संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी) असतात, मी बर्फाची जाडी कठड्यावर मोजली म्हणून ती फुगलेली आहे, दहाला एकचा हिशोब सरसकट लावलाय, आणि हौशी लोकांनी उगाच लोकांना घाबरवू नये.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. दहा सेंटिमीटर बर्फ वितळला की एक सेंटिमीटर पाणी, हे मी नियम असल्यासारखं लिहिलं होतं, तसं लिहायला नको होतं. ओला जड बर्फ असेल तर पाच सेंटिमीटरलाच एवढं पाणी निघतं आणि कोरडा भुसभुशीत असेल तर वीस सेंटिमीटरसुद्धा लागतो. चूक झाली, पोस्टमध्ये दुरुस्त केलीय.

पण ते खिडकीचं वाक्य. तुम्हाला मुद्दा मांडायचा होता तर सरळ मांडायचा होता ना, "हे साहेब" वगैरे म्हणायची काय गरज होती? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही, आणि माणूस खिडकीत उभा आहे म्हणजे त्याला काही येत नाही हे तुम्ही एका ओळीत ठरवून मोकळे झालात.

त्या दिवशी मी काय बघितलं ते सांगतो. संध्याकाळी ५ वाजता हवा ३ डिग्री, आर्द्रता जेमतेम ५० टक्के. माझ्याकडे शेजारी शेजारी दोन थर्मामीटर आहेत, एक कोरडा आणि एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि हा ओला शून्याच्या किंचित खाली होता. आता ह्यात जादू काही नाही. कोरड्या हवेत पाऊस पडायला लागला की थेंबांतलं थोडं पाणी वाटेतच उडून जातं, आणि एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ६०० कॅलरी लागतात त्या हवेतूनच घेतल्या जातात, म्हणजे पाऊस स्वतःच हवा गार करत खाली येतो. कुठपर्यंत गार करणार, तर तो ओला थर्मामीटर दाखवतो तिथपर्यंत. वरून येणारा बर्फ वितळतो तेव्हाही ग्रॅममागे ८० कॅलरी जातातच. म्हणून अशा वेळी अधिक ३ ह्या आकड्याकडे बघून चालत नाही, ओल्या थर्मामीटरकडे बघावं लागतं. तुम्ही एकच आकडा बघितलात आणि मला अज्ञानी म्हणालात.

सव्वासहाला पाऊस सुरू झाला. साडेसातला कोरडा थर्मामीटर १ डिग्रीच्या खाली आला होता. मी रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत होतो. थेंब असतो तेव्हा दिव्याखाली नुसती सरळ रेष दिसते, डोळ्याला पकडताच येत नाही. मग त्या रेषांमध्ये एखादी मागे राहायला लागली, जरा हेलकावे खात, कारण बर्फाचा पापुद्रा सेकंदाला साधारण एक मीटरने उतरतो आणि मोठा थेंब त्याच्या कितीतरी पट वेगाने. काचेवर एक थेंब आपटला, चपटा पसरला आणि त्याच्या मधोमध पांढरा कण होता, दोन सेकंद दिसला आणि गेला. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत पत्र्यावरचा आवाज कमी कमी होत बंद झाला. पाऊस थांबला असं ऐकणाऱ्याला वाटेल, पण दिव्याखाली सगळं पांढरं हलत होतं.

ह्यातलं रडारवर काय दिसलं असतं? रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते, त्यामुळे शंभर किलोमीटरवर अर्धा अंश वर धरलेला झोत जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचावर असतो. शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये पाऊस होतो की बर्फ राहतो, हाच तर सगळा प्रश्न आहे! आणि अख्ख्या जगाची मॉडेल ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटी धरून चालतात, त्यात दरी आणि टेकडी एकाच चौकटीत येते. मी रोज मॉडेल बघतो, त्यांच्याशिवाय चार दिवस आधी काही कळलंच नसतं. पण शेवटच्या दोन तासांत खिडकीच लागते.

बाहेर काळी बाही धरली की अजून कळतं. बारीक सुया पडल्या तर तो बर्फ ढगात उणे ५ च्या आसपास वाढलाय, सहा फांद्यांचे नक्षीदार तारे आले तर उणे १५ च्या आसपास. प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक १९३६ साली बनवणाऱ्या नाकाया उकिचिरो ह्या जपानी शास्त्रज्ञाने हा संबंध दाखवून दिला. आणि हौशी म्हणून हिणवता, तर १८८५ साली विल्सन बेंटली ह्या अमेरिकन माणसाने सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचा आपला पहिला फोटो काढला, तो शेतकरी होता, आणि आयुष्यभरात त्याने असे ५००० च्या वर फोटो काढले. माझी त्याच्याशी बरोबरी नाही, पण हौशी हा शब्द शिवी म्हणून वापरू नका.

मी चौदा हिवाळे नोंदी ठेवतोय. चार वह्या भरल्यात, पाचवी चालू आहे. ताप असताना रात्री तीनला उठून आकडे लिहिलेत, घरच्यांची बोलणी खाल्लीत. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी पण तुमच्यासारखा एकच थर्मामीटर बघायचो आणि सारखा चुकायचो, म्हणून तर ओलं फडकं लावायला शिकलो. तुमच्याकडे किती हिवाळ्यांच्या नोंदी आहेत, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

कठड्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा मी पांढऱ्या फळीवरच मोजतो, त्या दिवशी फळी पटकन सापडली नाही, तो विषय वेगळा आहे. आणि घाबरवण्याचं म्हणाल तर त्यावर बोलण्यासारखं काही नाही, मी "रात्री आठनंतर बर्फ होईल, गाडी काढताना बघा" एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या वेळी माझा आकडा पटला नाही तर तुमच्याकडचं कोरडं आणि ओलं तापमान वेळ टाकून लिहा, मी माझ्या वहीशी ताडून बघेन आणि चुकलो असेन तर इथेच तसं लिहीन. नुसतं "शक्यच नाही" असं आलं तर मात्र मी उत्तर देणार नाहीये.